इंजिनाची बैठक

पहिलं भांडण झालं ते चार बोल्टांवरून.

फिटरने इंजिनाच्या पायावरच्या नटाला पान्हा लावला आणि तेवढ्यात भावोजी शेडच्या दारात येऊन उभे राहिले. भावोजी म्हणजे माझे थोरले दीर. हात मागे बांधलेले, पोट पुढे. म्हणाले, "नट काढा. बोल्टांना हात लावायचा नाही."

फिटर बिचारा गांगरला. "बोल्ट सिमेंटात गाडलेत, शेट. थोडं फोडून घेतले तर यांचा खर्च वाचेल, इतकंच."

"सिमेंटाचा पाया माझा आहे. वाटणीत काय ठरलं? इंजिन धाकट्याचं, शेड थोरल्याची. पाया शेडचा आणि बोल्ट पायाचे."

"मग नट कुणाचे, भावोजी?" मी विचारलं.

त्यांनी खरंच विचार केला हो! दोन्ही भुवया वर करून, वकिलासारखा. मग म्हणाले, "नट तू ने."

"फार उपकार झाले," मी म्हटलं. फिटर हसू दाबायला खाली वाकला. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आमची वाटणी तोंडी झाली होती. विहीर सलग दोन उन्हाळे आटली, गिरणीवर दळण यायचं कमी झालं, आणि घरात ज्याच्या त्याच्या तोंडी तुझं-माझं सुरू झालं. जमीन एवढीशी, की दोघांत वाटून मधे बांध घातला असता तर नुसता बांधच उरला असता. म्हणून जमीन, घर आणि शेड भावोजींना आणि गिरणीचं इंजिन आम्हाला. चार शहाण्या माणसांनी माना डोलावल्या. आमच्या ह्यांनीही डोलावली. ह्यांची मान त्याच कामासाठी बनवलेली आहे. इंजिन कुठं संपतं आणि शेड कुठं सुरू होते, हे मात्र एकालाही विचारावंसं वाटलं नाही. आणि पेरणीच्या आत शेड रिकामी हवी, ही अट भावोजींनी उठता उठता घातली.

आमचे हे पुढे गेले होते. दूर, खाडीपलीकडच्या एका गावात लाकडाची वखार होती, तिथल्या करवतीला इंजिन हवं होतं. वखारवाला म्हणाला होता, इंजिन तुझं, करवत माझी, कमाई अर्धी अर्धी. पण इंजिन चालू हालतीत आलं तर. आणखी एकजण टपून बसला होता, म्हणून हे तिथंच राहून पाया बांधत होते आणि इकडचं सगळं माझ्या गळ्यात. म्हणजे हिशेब सरळ होता. आमच्या वाट्याला आयुष्यात जे काही आलं ते सगळं त्या एका लोखंडाच्या धुडात होतं. ते धड पोचलं तर आम्ही पोटाला लागलो. वाटेत त्याचा एक पाय तुटला तर आम्ही दोघं पुन्हा भावोजींच्या दारात, आणि या खेपेला मजूर म्हणून.

पाय म्हणजे इंजिनाचे पाय. खाली चार कोपऱ्यांना चार कान असतात, बोल्ट घालायला. बिडाचे. बीड वजन कितीही पेलतं, पण हिसका सोसत नाही. काचेसारखं तडकतं. हे मला मामंजींनी सांगितलं.

मामंजी म्हणजे माझे सासरे. इंजिन त्यांनीच आणलेलं, तरुणपणी. सासूबाई गेल्यावर ते शेडमध्येच झोपायला लागले, इंजिनाशेजारी. घरात जागा नाही असं त्यांना कुणी म्हणालं नाही. फक्त जाऊबाईंनी एक दिवस त्यांची गादी उन्हात घातली, ती परत आत आली नाही. मामंजींनी ती गादी उचलली आणि शेडमध्ये नेली. तिथं त्यांचा पलंग होता, स्वतःच्या हाताने केलेला. जुना पूल मोडला तेव्हा त्याच्या तुळया आणून, तासून. एवढा जाड पलंग मी कुठं पाहिलेला नाही. त्यावर माणसाऐवजी म्हैस निजवली तरी कुरकुरला नसता.

मी ट्रान्सपोर्टवाल्याकडे गेले. टेबलामागे पंख्याखाली बसला होता, कानात काडी घालून. मी इंजिनाचं वजन सांगितलं तसं त्याने काडी काढली.

"बाई, एवढ्यासाठी स्वतंत्र गाडी करणार?"

"केली तर काय घ्याल?"

त्याने आकडा सांगितला. मी खुर्चीवरून उठले.

"बसा हो," तो म्हणाला. "दुसऱ्यांच्या मालाबरोबर पाठवा. बंदरापर्यंत ट्रक, पुढे लाँच. पण मग ऐका. तेल, डिझेल, पाणी सगळं काढायचं, थेंब दिसता कामा नये. भोकं बुजवायची. खाली लाकडाची बैठक आणि इंजिन तिला बोल्टांनी आवळलेलं. वरून चौकोनी सांगाडा, म्हणजे त्यावर आम्हाला पोती टाकता येतील. वर माल ठेवता आला तर भाडं निम्मं. इंजिन डुललं तर ड्रायव्हर घेणार नाही, आणि तो नाही म्हणाला तर मी त्याला सांगणार नाही."

"बैठकीला लाकूड कुठलं?"

"ते सुताराला विचारा. मी लाकडातला नाही."

सुताराने लाकडाचा भाव सांगितला आणि माझं तोंड उतरलं. नेमक्या त्याच संध्याकाळी भावोजी अंगणात आले. बांधावरचं झाड त्यांनी दोन दिवसांपूर्वीच पाडलं होतं. "ने त्यातलं," म्हणाले. "खोडच्या खोड पडलंय. मला काय करायचंय? लोक म्हणतात मी कंजूस आहे."

आणि मी भुलले! मला खरं सांगायला कसली लाज? फुकट मिळतंय म्हटल्यावर माझे डोळे फिरले. "भावोजी, मोठं मन आहे हो तुमचं," असं माझ्या या तोंडाने मी म्हणाले. आठवलं की अजून तोंड धुवावंसं वाटतं.

सुताराने खोडावर करवत चालवली. भुसा ओला निघत होता, त्याच्या हाताला चिकटत होता. मामंजींनी चिमूटभर उचलून बोटांत दाबला.

"ओलं आहे," ते म्हणाले.

"चालेल," सुतार म्हणाला. "ट्रक परवा येतोय ना? परवापर्यंत काय होतंय! इंजिन एकदा पोचलं की मग लाकूड चुलीत घाला."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मामंजी, दुसरं कुठून आणू?"

दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. शेडच्या मधल्या तुळईला साखळीची कप्पी टांगली. फिटरने तेल काढलं, टाकी उलटी केली, पाण्याचा नळ सोडला. काळं, जळकं तेल डब्यात पडत होतं आणि मामंजी त्या धारेकडे बघत उभे होते. सायलेन्सर काढून त्या तोंडात मी चिंध्यांचा बोळा कोंबला, वर लाकडी खुंटी ठोकली. दोन्ही चाकांना ग्रीस फासलं. चाकं फिरू नयेत म्हणून दोन्हीकडून पाचरी मारल्या. तांब्याची नळी, डिझेलचा पंप आणि नोझल काढून माझ्या लग्नातल्या ट्रंकेत ठेवलं, एकेक वस्तू साडीत गुंडाळून. चांगल्यातली साडी पंपाला गेली. काय करणार, जाड तीच होती.

मग साखळी ओढायला लागलो. फिटर, सुतार आणि मी. कडकड करत एकेक कडी यायची आणि इंजिन जागचं हलायचं नाही. तळव्यांना फोड आले. शेवटी सिमेंटाने धरून ठेवलेलं सोडावं तसं ते एकदम सुटलं, वीतभर वर आलं आणि हवेत सावकाश फिरायला लागलं. आम्ही ते रेटून बाजूला घेतलं आणि सुताराने बैठक खाली सरकवली. चार नवे बोल्ट मी बाजारातून आणले होते. भावोजींचे चार बोल्ट सिमेंटात तसेच उभे होते, त्यांना गंज चढो. फिटरने नट असे आवळले की लाकडात वायसर रुतले. वरून सुताराने सांगाडा ठोकला. चौकोनी, पेटीसारखा. त्यावर मी उभी राहून पाहिलं. जरा म्हणून हललं नाही. फिटर मजुरी घेऊन गेला.

तेव्हा मला वाटलं, सुटलो.

ठरलेल्या दिवशी ट्रक आला नाही. ट्रान्सपोर्टवाल्याला फोन केला तर म्हणाला, "बाकीचा माल भरला नाही अजून. स्वस्तात हवंय ना? मग कळ काढा." असं तो रोज म्हणायचा. रोज मी सामान बांधलेल्या घरात बसायची आणि रोज जाऊबाई विचारायच्या, "अजून आहेस का गं?"

आणि एका सकाळी पत्रे काढल्याचा आवाज आला. भावोजींनी माणसं लावून शेडचं छप्पर उतरवायला घेतलं होतं. आधी पत्रे, मग वासे, मग तुळया. मी धावत गेले. "भावोजी, पेरणीला अजून वेळ आहे. इंजिन जाऊ द्या, मग काय ते करा."

"इंजिनाला मी हात लावलाय का?"

"मामंजी झोपतात इथं!"

"उन्हाळ्यात उघड्यावर बरंच वाटतं," ते म्हणाले.

तुळया त्यांच्या गोठ्यात गेल्या, दाराला कुलूप. शेडच्या चार भिंती उरल्या, मधे इंजिन आणि शेजारी मामंजींचा पलंग. दिवसभर वरून ऊन ओतायचं. मामंजी गादी घेऊन भिंतीच्या सावलीबरोबर सरकायचे, सकाळी या भिंतीला, दुपारनंतर त्या. मी माझी छत्री त्यांना दिली. त्यांनी ती इंजिनावर बांधली. मला इतका राग आला की मी त्यांच्यावरच ओरडले. "त्याला कशाला ऊन लागतंय, मामंजी? लोखंड आहे ते!"

"त्याला नाही गं सूनबाई," ते म्हणाले. "खालच्या लाकडाला."

मला तेव्हा ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं.

ट्रक आला तो सकाळी, जाऊबाईंनी सडा टाकायच्या आधी. शेडचं जोतं उंच होतं, पोती चढवायला केलेलं, त्यामुळे ड्रायव्हरने मागचा भाग नेमका जोत्याला भिडवला. उडी मारून उतरला, सांगाड्याभोवती एक फेरी मारली आणि खांदा लावून धक्का दिला.

इंजिन डुललं.

"हे काय?" ड्रायव्हर म्हणाला. "सैल आहे की!"

मी वाकून नटाला हात लावला. पान्ह्याने आवळलेला नट माझ्या दोन बोटांनी फिरला. दुसरा फिरला. वायसराखाली नख जाईल एवढी फट. लाकूड वाळून आक्रसलं होतं. मी पान्हा आणून आवळायला लागले तर बोल्टाच्या भोकापासून टोकापर्यंत चर्रकन चीर गेली. उभी, अख्ख्या ओंडक्यात.

"बाई, गाडीत दुसऱ्यांच्या काचेच्या बरण्या आहेत," ड्रायव्हर म्हणाला. "हे वाटेत त्यांच्यावर गेलं तर मी काय उत्तर देऊ? आणि याचे पाय बिडाचे. पहिल्या खड्ड्यात तुटतील. नाही जमायचं."

"पुढची गाडी कधी?"

"ते साहेबांना विचारा. महिना, दीड महिना."

महिन्याभरात वखारवाल्याने दुसऱ्याचं इंजिन बसवलं असतं. मी म्हटलं, "दादा, दुपारपर्यंत थांबा. तुमच्या पाया पडते."

"पाया पडू नका, चहा द्या," तो म्हणाला. "गाडीचं एक टायर बघायचंच आहे मला. तेवढा वेळ थांबतो."

मी भावोजींकडे गेले. ते ओट्यावर बसून दाढी करत होते. "दोन तुळया द्या," मी म्हटलं. "जुन्या, वाळलेल्या आहेत. आमचे हे पैसे पाठवतील."

"तुळया शेडच्या आहेत."

"भावोजी, तुम्ही दिलेलं लाकूड ओलं होतं."

"फुकटात दिलं होतं," त्यांनी गालावरून वस्तरा फिरवला. "झाड पाडलं की ते ओलंच असतं. तुला कळायला नको?"

"आणि छप्पर काढून उन्हात कुणी घातलं?"

"माझं छप्पर. मी काढीन नाही तर डोक्यावर घेऊन नाचेन."

दारात जाऊबाई उभ्या होत्या. कुंपणापलीकडे शेजारपाजारचे जमले होते. सगळ्यांसमोर मी भावोजींपुढे हात जोडले. हो, जोडले. ते आरशात बघत राहिले आणि हनुवटीखालचा साबण पुसला. तो आरसा घेऊन त्यांच्या डोक्यात घालावा असं मला वाटलं, आणि घातला नाही याचं आजही वाईट वाटतं.

शेडमध्ये परत आले तर ठोकण्याचा आवाज येत होता. मामंजींनी पलंगावरची गादी खाली काढली होती आणि पहारीने ते पलंगाच्या बाजूच्या फळ्या उचकटत होते. त्यांनी बोलावून आणलेला सुतार शेजारी नुसताच उभा.

"मामंजी, हे काय करताय?"

"याच्या दोन तुळया पूर्ण वाळल्यात," ते म्हणाले. दम लागला होता. "पुलावर होत्या तेव्हाच वाळल्या होत्या. बघतोस काय रे, करवत आण!" हे सुताराला.

"आणि तुम्ही झोपणार कशावर?"

"आधी हे होऊ दे."

आणखी बोलले असते तर रडले असते, आणि तेवढा वेळ नव्हता. ड्रायव्हरने जॅक दिला. आता कप्पी नव्हती, तुळई नव्हती. आधी सांगाडा सोडवला. मग एका बाजूने जॅक लावायचा, इंजिन दोन बोटं उचलायचं, खाली दगड सरकवायचा, मग दुसऱ्या बाजूने. पहारीवर मामंजी आणि मी दोघांनी भार टाकला. त्यांच्या मनगटाच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. सुताराने तडकलेली बैठक ओढून काढली आणि लाथेने बाजूला केली. पलंगाच्या तुळयांना भोकं पाडताना गिरमिट तापलं, त्यावर पाणी मारावं लागलं. एवढं ते लाकूड कडक. भुसा निघाला तो कोरडा, पिठासारखा. मामंजींनी चिमटीत घेतला आणि फुंकर मारून उडवून दिला.

बोल्ट घातले. नट मी आवळले. या खेपेला मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पान्ह्याला पाइप अडकवून, त्यावर लोंबकळून आवळले. ड्रायव्हरने खांदा लावला. मग पाठ लावली. मग पाय देऊन रेटलं.

"आता गाडी उलटली तरी हे हलायचं नाही," तो म्हणाला. "चढवा."

सांगाडा पुन्हा ठोकला, खाली लोखंडी पाइप टाकले आणि जोत्यावरून इंजिन ट्रकात लोटलं. कुंपणापलीकडचे दोघंतिघं न बोलवता आत आले आणि हात लावून गेले. भावोजी तोपर्यंत कपडे करून आले होते. मी भिंतीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती.

"हँडल कुठं आहे?"

इंजिन चालू करायचं हँडल. ते नसलं तर इंजिन म्हणजे नुसता धोंडा. ते वर्षानुवर्षं त्या खुंटीला टांगलेलं असायचं. आता ते भावोजींच्या हातात होतं, छडीसारखं.

"हे भिंतीवर होतं," ते म्हणाले. "भिंत शेडची."

मी तोंड उघडणार तोच मामंजी पुढे झाले आणि हात पसरला. "दे ते इकडे."

"बाबा, तुम्ही मधे पडू नका. तुम्ही माझ्या वाटणीत आहात."

मग मात्र माझा आवाज चढला. असा चढला की ड्रायव्हर केबिनमधून डोकावला.

"वाटणीत? वाटणीत आहेत? मग घरात का नाहीत? बोल्ट मोजलेत, वासे मोजलेत, भिंतीवरची खुंटी मोजलीत, आणि हा माणूस तुम्हाला कधी दिसला नाही? त्यांच्या डोक्यावरचं छप्पर काढलंत तेव्हा ते कुणाच्या वाटणीत होते, भावोजी? सांगा ना! सगळे ऐकताहेत, सांगा!"

भावोजींनी कुंपणाकडे पाहिलं. एकजण खाकरला. जाऊबाई आत निघून गेल्या.

मामंजींनी हँडलचं दुसरं टोक धरलं होतं. भावोजींनी एकदा ओढलं. ते सुटलं नाही. आयुष्यभर त्या हँडलने इंजिन फिरवलेला हात तो, असा कसा सुटेल? मग भावोजींनी आपली बोटं उघडली.

"घेऊन जा," ते म्हणाले. "भंगार आहे सगळं."

मामंजींनी हँडल काखेत मारलं, गादीची वळकटी उचलली आणि ट्रकच्या केबिनकडे चालू लागले.

"बाबा, तुम्ही कुठं निघालात?"

"माझा पलंग चाललाय," मामंजी म्हणाले. "मी कुठं झोपू?"

ते वर चढले आणि हँडल मांडीवर आडवं घेऊन बसले. मी माझी ट्रंक घेऊन शेजारी बसले. कुणी हाक मारली नाही, आणि मारली असती तर गाडीच्या आवाजात ऐकू आली नसती.

इंजिन धड पोचलं. लाँचवरून उतरवताना हमालांनी धपकन टाकलं तरी पायाला केसाएवढी चीर नव्हती. ह्यांनी बांधलेल्या पायावर ते बसवलं, मामंजींनी हँडल मारलं आणि तिसऱ्या फेऱ्याला ते धडधडायला लागलं. वखारवाला कानावर हात ठेवून हसत होता. मामंजींच्या तोंडावरून पाणी वाहत होतं. घामाचं म्हणाले, तर घामाचं.

बैठकीच्या तुळया मोकळ्या झाल्या, त्यांचा पुन्हा पलंग केला. खोलीत केला. आमच्याच खोलीत, एकच खोली आहे. मामंजी त्यावर झोपतात आणि सकाळी करवत सुरू होईपर्यंत उठत नाहीत. तुळयांना बोल्टांची चार भोकं पडलीत, आरपार. वखारीतला सुतार म्हणाला, खुंट्या मारून बुजवून देतो, वरून पॉलिश केलं की कळणारही नाही. हेही म्हणाले, बुजवू या.

मी म्हटलं, अजिबात नाही. भावोजी कधीतरी येतील. पीक येत नाही म्हणून, आजारी आहेत म्हणून, कशासाठी तरी येतीलच. आले की मी त्यांना चहा देईन आणि याच पलंगावर बसवीन, भोकाशेजारी.